‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय? मेडिकलच्या विद्यार्थ्यांना पेशंटशी बोलायला शिकवणारे ‘आभासी रुग्ण’

“डॉक्टर, पित्त झालंय.”

मीरा रोडपासून मिरजेपर्यंत कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. पण याचा अर्थ काय? एखाद्याच्या छातीत जळजळ होत असते. एखाद्याचं अर्धं डोकं ठणकत असतं आणि उलटी झाल्याशिवाय बरं वाटत नाही. एखाद्याच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात. तिघंही ‘पित्त’च म्हणतात आणि तिघांचे आजार वेगळे असतात. क्वचित एखाद्याचं पित्त हे पित्त नसतंच, ती हृदयविकाराची सुरुवात असते.

यातलं नेमकं काय आहे हे कळण्यासाठी डॉक्टरकडे पहिलं साधन असतं ते बोलण्याचं. प्रश्न विचारायचे, ऐकायचं, पुन्हा विचारायचं. मेडिकलची मुलं याला ‘हिस्ट्री घेणं’ म्हणतात. हे कौशल्य आता संगणकाच्या पडद्यावरच्या खोट्या पेशंटशी बोलून शिकता येईल, असं सांगणारी सॉफ्टवेअर जगभर वापरात येत आहेत. पडद्यावरचा हा पेशंट प्रश्नांना उत्तरं देतो, कुरकुरतो, माहिती लपवतो आणि शेवटी तुम्ही कुठे चुकलात हेही सांगतो.

हे नेमकं काय आहे? त्याचा उपयोग होतो का? आणि मीरा रोडसारख्या पाच-सहा भाषा बोलणाऱ्या शहरातल्या पेशंटला त्यातून काय मिळणार?

नुसत्या बोलण्याला एवढं महत्त्व का?

सोनोग्राफी, सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या हाताशी असताना डॉक्टर काय विचारतात याने एवढा काय फरक पडतो, असं वाटू शकतं.

१९७५ मध्ये ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला होता. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० पेशंटचं निदान कोणत्या टप्प्यावर झालं, हे त्यात तपासलं गेलं. ८० पैकी ६६ जणांचं निदान त्यांच्या आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि त्यांच्याशी बोलूनच झालं होतं. शारीरिक तपासणीमुळे ७ जणांचं निदान बदललं आणि लॅबच्या तपासण्यांमुळे आणखी ७ जणांचं. १९९२ मध्ये अमेरिकेत असाच अभ्यास झाला, तिथेही सुमारे ७६ टक्के पेशंटचं निदान हिस्ट्रीतूनच झालं.

म्हणजे बोलणं नीट झालं तर बरंचसं काम तिथेच होतं. ते बिघडलं तर चुकीच्या तपासण्या होतात, चुकीची गोळी मिळते आणि खिशाला भुर्दंड पडतो तो वेगळाच.

पण बोलायला मिळतं कुठे? १९८४ मधल्या अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं, की पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात हा आकडा ११ सेकंदांवर आला होता.

आपल्याकडे तर वेळ आणखी कमी. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांमधल्या माहितीचा आढावा आला. डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात, हा त्याचा विषय होता. स्वीडनमध्ये हा वेळ साडेबावीस मिनिटं होता, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे दोन मिनिटं.

“एवढ्या गर्दीत पेशंटचं रामायण ऐकत बसायला वेळ कुणाला आहे?” हा डॉक्टरांचा प्रश्न खोटा नाही. पण त्याचंही उत्तर शोधलं गेलं आहे. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ३३५ पेशंटना न तोडता बोलू दिलं. पेशंट सरासरी ९२ सेकंदांत थांबले. जवळपास ७८ टक्के लोकांचं सांगून दोन मिनिटांच्या आत झालं होतं.

अर्थात ते स्वित्झर्लंड. आपल्या ओपीडीत दीड मिनिट ऐकायचं म्हणजे हातात असलेला जवळजवळ सगळा वेळ ऐकण्यात घालवायचा. म्हणून इथल्या डॉक्टरला कमी प्रश्नांत नेमकं विचारता येणं जास्त गरजेचं आहे, आणि ते सरावाशिवाय येत नाही.

मग हे कॉलेजात शिकवत नाहीत का?

शिकवतात, निदान कागदावर तरी नक्कीच.

वर्षानुवर्षं भारतात हे कौशल्य ‘बघून बघून’ शिकायचं असायचं. वॉर्डात सर राउंड घेतात, मागे पंधरा-वीस विद्यार्थी उभे असतात, सर काय विचारतात ते ऐकायचं आणि उतरवून घ्यायचं. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात ‘एटकॉम’ नावाचा भाग आला. डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे त्याचे विषय. त्याचे २७ मॉड्यूल्स चार वर्षांत वाटून दिलेले आहेत.

त्याच वेळी एमबीबीएसच्या सुरुवातीला एक महिन्याचा फाउंडेशन कोर्स आला. १७५ तासांच्या त्या कोर्समध्ये ४० तास भाषा, संगणक आणि अभ्यासकौशल्यांसाठी होते. स्थानिक भाषा न येणाऱ्या मुलांनी ती इथे शिकावी, अशी कल्पना. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे केरळची, राजस्थानची किंवा बिहारची मुलं मुंबईत, नागपुरात येतात. चाळीस तासांत, तेही तीन विषयांत वाटलेल्या, मराठी किती येणार हे वेगळं सांगायला नको.

पुढे २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने म्हणजे एनएमसीने प्रत्येक मेडिकल कॉलेजला ‘स्किल्स लॅब’ बंधनकारक केली. १५० पर्यंत विद्यार्थी असलेल्या कॉलेजात किमान ६०० चौरस मीटर, त्याहून मोठ्या कॉलेजात ८०० चौरस मीटर. खऱ्या किंवा अभिनय करणाऱ्या पेशंटला तपासण्यासाठी त्यात किमान चार खोल्या असाव्यात, असंही नियमात आलं.

तरीही गाडी अडते ती दोन ठिकाणी.

पहिली अडचण संख्येची. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या १ लाख १७ हजारांच्या पुढे गेल्या. ९ ऑक्टोबर २०२४ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यातलं एक अंबरनाथचं, म्हणजे मीरा रोड ज्या ठाणे जिल्ह्यात येतं त्याच जिल्ह्यातलं. डॉक्टर वाढणं ही चांगलीच गोष्ट. पण एका खाटेभोवती पंधरा मुलं उभी असतील तर प्रत्यक्ष प्रश्न विचारायची संधी एकाला मिळते, बाकीचे चौदा बघतात. पेशंटलाही तीच कहाणी चौथ्यांदा सांगायचा कंटाळा येतो.

दुसरी अडचण परीक्षेची. एमबीबीएसनंतर स्पेशलायझेशनसाठी नीट-पीजी द्यावी लागते. त्यात बहुपर्यायी प्रश्न असतात. पेशंटशी कसं बोललात याला तिथे एकही गुण नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘नेक्स्ट’ परीक्षेच्या नियमांत दुसरा टप्पा प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेचा होता. ती परीक्षाच जुलै २०२३ मध्ये लांबणीवर पडली. जे परीक्षेत नाही त्याला विद्यार्थी वेळ देत नाहीत, हे आपल्याकडे दहावीपासूनचं सत्य आहे.

खोट्या पेशंटची कल्पना आली कुठून?

ही कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका धडधाकट व्यक्तीला पेशंटची भूमिका शिकवली. लक्षणं कोणती, चालायचं कसं, काय विचारलं तर काय सांगायचं, हे सगळं पाठ करून घेतलं. विद्यार्थी तिला तपासायचे आणि नंतर ती विद्यार्थ्यांबद्दल मत द्यायची. सुरुवातीला याची थट्टा झाली. पुढे हीच पद्धत जगभर रुजली.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी ‘ऑस्की’ ही परीक्षापद्धत मांडली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटं आणि ठरावीक काम. एखाद्या टेबलावर नुसतं बोलायचं असतं. ही पद्धत आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही वापरली जाते.

अमेरिकेत डॉक्टरकीचं लायसन्स मिळवायला २००४ पासून अशा अभिनय करणाऱ्या पेशंटसमोर परीक्षा द्यावी लागायची. मुंबई-पुण्यातून अमेरिकेला जाऊ पाहणारी मुलं त्यासाठी विमानाने तिकडे जायची. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती परीक्षा थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली.

अभिनय करणाऱ्या माणसाला मानधन लागतं, प्रशिक्षण लागतं आणि तो एका वेळी एकाच विद्यार्थ्याशी बोलतो. कोविडमध्ये तर वॉर्डच बंद झाले. मग पडद्यावरच्या पेशंटकडे लक्ष वळणं साहजिक होतं. त्याच काळात, २५ मार्च २०२० ला, भारतात टेलिमेडिसिनचे नियम आले. फोनवर पेशंट पाहायचा म्हणजे हात लावता येत नाही, सगळा भार बोलण्यावरच येतो. त्यामुळे या कौशल्याची गरज आणखी वाढली.

आभासी रुग्ण काम कसा करतो?

याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला साधा. पडद्यावर पेशंटचं चित्र किंवा व्हिडिओ असतो आणि खाली तयार प्रश्नांची यादी. विद्यार्थी प्रश्न निवडतो, उत्तर येतं, पुढचा रस्ता उघडतो. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी मनाने प्रश्न टाइप करतो किंवा बोलतो. चॅटजीपीटीसारख्या भाषा मॉडेल्समुळे हा प्रकार गेल्या दोन-तीन वर्षांत खूप सुधारला आहे. तिसऱ्यात डोळ्यांवर हेडसेट चढवून थेट आभासी वॉर्डात जायचं असतं.

खरी मजा दुसऱ्या प्रकारात आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. पडद्यावर ५२ वर्षांच्या एक बाई आहेत. मीरा रोड पूर्वेला राहतात, पोळी-भाजीची ऑर्डर घेतात. खोलीत पहिला विद्यार्थी येतो.

“काय त्रास होतोय?”
“पित्त झालंय, दोन दिवस झाले.”
“जळजळ होते का?”
“होते थोडी.”
“मळमळतं?”
“हो.”
“तिखट काही खाल्लं होतं?”
“रविवारी मटण होतं.”

विद्यार्थी पित्ताची गोळी लिहून मोकळा होतो. आता दुसरी विद्यार्थिनी.

“काकू, पित्त झालंय म्हणजे काय काय होतंय, जरा सविस्तर सांगता का?”
“छातीत भरल्यासारखं वाटतं गं. स्टेशनचा जिना चढले की जास्त. घाम फुटतो.”
“आणि थांबलात की?”
“बसले की कमी होतं.”
“बरं. आणखी काही?”
“डावा हात जड वाटतो. पण ते लाटण्यामुळे असेल.”
“आधीचं काही दुखणं? शुगर, बीपी?”
“शुगर आहे. गोळी चालू आहे, पण मधूनमधून राहते घ्यायची.”

पेशंट एकच, आजार एकच. पहिल्याला आम्लपित्त दिसलं आणि दुसरीला हृदयाचं दुखणं. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांमध्ये हृदयविकार छातीत जोराची कळ न येताही असू शकतो, हे पुस्तकात दोघांनीही वाचलेलं असतं. फरक पडला तो प्रश्नाच्या घडणीत. पहिल्याने ‘हो-नाही’ उत्तराचे प्रश्न विचारले आणि पेशंटने दिलेला ‘पित्त’ हा शब्दच निदान म्हणून घेतला.

इथे आभासी रुग्णाचा फायदा दिसतो. सत्र संपल्यावर प्रणाली दाखवते, की तुम्ही मोकळे प्रश्न किती विचारले, पेशंटला कितीदा तोडलं, औषधांबद्दल विचारलं का, शेवटी ऐकलेलं सगळं थोडक्यात परत सांगून खातरजमा केली का. पहिला विद्यार्थी लगेच पुन्हा सुरुवात करू शकतो, रात्री अकरा वाजता होस्टेलच्या खोलीत बसूनही. त्याच्या चुकीमुळे कुणाच्या जिवावर बेतत नाही आणि वर्गासमोर हसूही होत नाही.

याचा खरंच उपयोग होतो का?

२०१९ मध्ये आभासी रुग्णांवरच्या ५१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ४,६९६ जण सहभागी होते. पुस्तकी ज्ञानात नेहमीच्या शिकवण्याच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही. कौशल्यांमध्ये मात्र आभासी रुग्णावर शिकलेले पुढे होते.

पण यात दोन मेख आहेत. ही वाढ मुख्यतः निदानाचा तर्क लावणं आणि प्रक्रिया करणं यांत दिसली. पेशंटशी बोलण्याबाबतचा पुरावा त्या मानाने कमी. शिवाय बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या. तिथला विद्यार्थी आणि पेशंट बहुतेक वेळा एकच भाषा बोलतात.

दुसरीकडे तंत्रज्ञान झपाट्याने पुढे जात आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुगलने ‘एमी’ या संशोधन प्रणालीबद्दल माहिती दिली. इथे संगणक डॉक्टरच्या भूमिकेत होता आणि पेशंटच्या भूमिकेत प्रशिक्षित अभिनेते. केसेस कॅनडा, ब्रिटन आणि भारतातल्या होत्या. मजकुराच्या चॅटवर झालेल्या या तुलनेत तज्ज्ञांनी बहुतेक निकषांवर संगणकाला खऱ्या डॉक्टरांपेक्षा जास्त गुण दिले. टाइप करत पेशंट तपासायची डॉक्टरांना सवय नसते, ही मर्यादा संशोधकांनीही मान्य केली. तरी त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या प्रणालीला शिकवताना संगणकच डॉक्टर झाला होता आणि संगणकच पेशंट. म्हणजे खोट्या पेशंटशी हजारो वेळा बोलून यंत्र हिस्ट्री घ्यायला शिकलं. आपल्या विद्यार्थ्याला तेवढा सराव मिळत नाही.

मीरा रोडचा पेशंट त्या पडद्यावर आहे का?

खरा प्रश्न इथे आहे.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ८ लाख ९ हजारांवर गेली. उत्तनसारख्या जुन्या कोळीवाड्यांपासून ते कोकणातून, गुजरातमधून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेल्यांच्या सोसायट्यांपर्यंत सगळं या एका महापालिकेत आहे. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू एकाच ओपीडीच्या रांगेत ऐकू येतात. जुलै २०२५ मध्ये तर भाषेच्या वादावरून मीरा रोडमध्ये आधी व्यापाऱ्यांचा आणि मग ८ जुलैला मराठीसाठी असे दोन मोर्चे निघाले आणि शहराचं नाव देशभर गेलं.

दुकानात कोणत्या भाषेत बोलायचं यावर भांडण होतं. तपासणीच्या टेबलावर पेशंटची भाषा डॉक्टरला कळली नाही, तर भांडणही होत नाही. पेशंट मान डोलावतो आणि गोळ्या घेऊन घरी जातो. नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाजारात मिळणारे बहुतेक आभासी रुग्ण इंग्रजी बोलतात. तिथला पेशंट ‘माझ्या छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखी वेदना आहे’ असं स्वच्छ वाक्य बोलतो. आपला पेशंट असं बोलत नाही.

मराठीत दुखण्याचे किती प्रकार आहेत ते पाहा. पोटात कळ येते, मुरडा येतो, पाठीत चमक निघते, गळू ठसठसतं, दाढ ठणकते, तळपायाची आग होते, बोटांना मुंग्या येतात. वैद्यकीय दृष्टीने यातल्या प्रत्येक शब्दात एक सूचना दडलेली आहे. ‘कळ’ येते आणि जाते. ‘ठणका’ लागून राहतो. आग आणि मुंग्या म्हटलं की नसांचा विचार करायचा. हे सगळं ‘दर्द’ किंवा ‘पेन’ या एका शब्दात कोंबलं की सूचना हरवते.

बायकांच्या तक्रारींचं तर वेगळंच. ‘अंगावरून जातं’ एवढंच सांगितलं जातं. पांढरं की लाल, हे विचारावं लागतं, आणि तेही शेजारी उभ्या असलेल्या मुलाला बाहेर पाठवून. ‘जीव घाबरा होतो’ हे धडधडीबद्दल असू शकतं, धाप लागण्याबद्दल किंवा चिंतेबद्दलही. आणि ‘दुखणं अंगावर काढलं’ हा वाक्प्रचार ज्याला कळत नाही, त्याला पेशंट तीन आठवडे उशिरा का आला हेही कळणार नाही.

हिंदी बोलणारा पेशंट ‘कमज़ोरी’ म्हणतो तेव्हा तो थकव्याबद्दल बोलतोय की लैंगिक तक्रारीबद्दल लाजत सांगतोय, हेही ओळखावं लागतं.

आणखी एक मोठा फरक. पडद्यावरचा पेशंट एकटा असतो. आपल्याकडे पेशंट क्वचितच एकटा येतो. सुनेला काय होतंय ते सासू सांगते, आजोबांचं मुलगा सांगतो, तरुण मुलीचं आई सांगते. डॉक्टरला दोघांशी बोलायचं असतं, एकाला न दुखावता दुसऱ्याकडून खरं काढून घ्यायचं असतं. त्यात बाहेर नंबरवरून गोंधळ चालू असतो. शांत खोलीत सराव करून भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्याच्या गर्दीची तयारी होत नाही.

भाषा मॉडेलवर चालणाऱ्या पेशंटची एक खोडही आहे. तो फार शहाणा असतो. एक प्रश्न विचारला की सगळी लक्षणं क्रमाने सांगून टाकतो. खरा पेशंट महत्त्वाची गोष्ट दाराशी पोहोचल्यावर सांगतो, “बरं डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं...” दारू किती पितो हे निम्मं सांगतो. वैद्याचा काढा चालू आहे हे सांगतच नाही. त्याला तसं वागायला शिकवल्याशिवाय सरावाला अर्थ नाही.

मग खऱ्या माणसांत जाऊन शिकणंच बरं नाही का?

महाराष्ट्राने याचंही उदाहरण फार आधी घालून दिलं आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी १५ दिवस एका खेड्यात राहतात. त्यांना कुटुंबं वाटून दिली जातात आणि पुढेही त्यांचा त्या घरांशी संबंध राहतो. इंजेक्शन द्यायला शिकण्याआधी विद्यार्थी ओसरीवर बसून बोलायला शिकतो. एनएमसीने अलीकडे देशभर लागू केलेला ‘कुटुंब दत्तक’ कार्यक्रम याच वाटेवरचा आहे.

मुंबईत केईएम रुग्णालयाच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये २००५ पासून डॉक्टर-शिक्षकांना शिकवायचं कसं हे शिकवणारं ‘फेमर’ केंद्र चालतं. म्हणजे वर्गात काय बदलायचं याचा विचार करणारी माणसं इथेच आहेत.

खेड्यातला पंधरवडा आणि पडद्यावरचा पेशंट यांतून एकच निवडायची गरज नाही. ओसरीवर आपुलकी शिकता येते, माणसं कशी जगतात ते कळतं. पण तिथे हृदयविकाराचा पेशंट सांगून येत नाही आणि चुकलेला प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. पडद्यावर नेमकी तीच केस दहा वेळा करता येते. विमान उडवणारा आधी सिम्युलेटरवर बसतो, मग खऱ्या विमानात कॅप्टनच्या शेजारी. इथेही क्रम तोच असू शकतो: आधी पडदा, मग अभिनय करणारा माणूस, मग शिक्षकाच्या देखरेखीखाली खरा पेशंट.

पुढे काय व्हायला हवं?

तंत्रज्ञान आता फार महाग राहिलेलं नाही. कमतरता आहे ती मजकुराची. मराठी बोलणाऱ्या, मराठीसारखं दुखणाऱ्या पेशंटच्या केसेस कुणीतरी लिहायला हव्यात. त्यात उत्तनच्या कोळणीची बोली हवी, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची हवी, आणि भाईंदरमधल्या हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या आजींचीही हवी. हे काम परदेशी कंपनी करणार नाही. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यातल्या मेडिकल कॉलेजांची परीक्षा घेतं, त्यामुळे अशी सामायिक केस-पेढी उभारायला तीच सगळ्यात योग्य जागा. केसेस लिहायला प्राध्यापकांबरोबर ओपीडीतल्या सिस्टर, आशाताई आणि रोज शंभर पेशंट पाहणारे फॅमिली डॉक्टर हवेत. कारण पेशंट काय शब्द वापरतो हे त्यांना पाठ आहे.

खऱ्या पेशंटचं बोलणं वापरायचं असेल, तर त्याची परवानगी आणि ओळख लपवणं याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकाची. सॉफ्टवेअरने दिलेले गुण हा शेवटचा शब्द मानला, तर मुलं पेशंटऐवजी सॉफ्टवेअरला खूश करायला शिकतील. ‘आणखी काही?’ हा प्रश्न गुणांसाठी विचारणं आणि उत्तर ऐकायला थांबणं, यातला फरक समोर बसलेल्या अनुभवी डॉक्टरलाच दिसतो. सत्रानंतर त्याने दहा मिनिटं दिली पाहिजेत.

आणि तिसरी गोष्ट परीक्षेची. संवादाला गुण नसतील, तर स्किल्स लॅबच्या चार खोल्या तपासणी पथक येणार त्या दिवशीच उघडतील.

डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यातला विश्वास आपल्याकडे किती ताणला गेला आहे, हे वेगळं सांगायची गरज नाही. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘आम्हाला नीट सांगितलंच नाही’ ही अशा भांडणांतली नेहमीची तक्रार. कायदा भांडणानंतर कामाला येतो, बोलण्याचं शिक्षण त्याच्या आधी.

अंबरनाथसारख्या नव्या कॉलेजांतली पहिली मुलं काही वर्षांत इंटर्न म्हणून ओपीडीत बसतील. तेव्हा समोरची बाई म्हणेल, “डॉक्टर, पित्त झालंय.” पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे त्यांनी तोपर्यंत कितीदा विचारून पाहिलं आहे, यावर त्या बाईंच्या हातात पित्ताची गोळी पडते की वेळेवर ईसीजी होतो, हे ठरेल.